चटणीच्या धंद्यातली चिकाटी: या चुका टाळा

कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याला मसाला कोणी म्हणत नाही, चटणी म्हणतात. फेब्रुवारी सरत आला की लक्ष्मीपुरीत मिरचीच्या पोत्यांपुढं बायकांची गर्दी होते आणि घरोघरी वर्षाची चटणी पडते. ज्यांना ते घरी जमत नाही त्यांच्यासाठी मी गेली नऊ वर्षं चटणी करून विकते. पहिली तीन वर्षं आपण धंदा करतोय असंच मला वाटायचं. नंतर वह्या काढून बसले तेव्हा कळलं की ती हौस होती, आणि तिचा खर्च नवऱ्याच्या पगारातून चालला होता.

आता नवीन मुली फोन करतात. "काकू, चिकाटी ठेवली की जमतं ना?" चिकाटी तर माझ्याकडं पहिल्या दिवसापासून होती. पहाटे साडेचारला उठून मी खोबरं किसत होते. ती चिकाटी नेमकी कशावर खर्च होतेय, एवढंच बघायचं राहून गेलं होतं.

तीच चूक नेटानं करत राहणं

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत एकाच आठवड्यात चौदा पाकिटं परत आली. काहींत गोळे झाले होते, दोनांत वर पांढरी बुरशी. मी काय केलं? ती फेकली, नवी चटणी केली, तशीच, त्याच पावसात. ऑगस्टमध्ये पुन्हा परत आली. मी रडले, आणि पुन्हा केली. घरचे म्हणाले, काय जिद्द आहे हिची!

जिद्द कसली, कांदा ओला होता. दहा किलो कांदा उभा चिरून नीट वाळवला तर दोन किलोच्या आत येतो, कारण त्यात बहुतेक पाणीच असतं. एप्रिलच्या उन्हात चार दिवसांत तो कुडकुडीत होतो. जुलैत चार दिवसांनी तो वाळल्यासारखा दिसतो, तेलात तळला की कडकही वाटतो, पण आत ओल धरून असतो. ती ओल कांडपात सगळ्या चटणीत उतरते.

आता मी मे संपायच्या आत मिरची आणि खड्या मसाल्याची कोरडी पूड करून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून ठेवते. कांदाही उन्हाळ्यातच वाळवून ठेवते. पावसाळ्यात लसूण, खोबरं आणि कांदा महिन्याला लागेल तेवढाच भाजून त्यात मिसळते. काम तेवढंच आहे, फक्त क्रम बदलला.

लिज्जतचा किस्सा मला इथं नेहमी आठवतो. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. संस्थेच्या एक संस्थापक जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांच्या निष्ठेबद्दल खूप बोललं गेलं आणि ते योग्यच होतं. मला मात्र ती खाट जास्त शिकवून गेली.

परत आलेलं पाकीट फेकण्याआधी उघडून बघा. गोळे झाले असतील तर कांदा किंवा लसूण ओला. खवट वास आला तर खोबरं किंवा तीळ जुने, नाहीतर भाजलेलं खोबरं गरम असतानाच मिसळलंय. रंग उतरला असेल तर पारदर्शक पिशवी आणि दुकानातल्या पुढच्या फळीवरचं ऊन. आणि गिऱ्हाईक "यंदा चव वेगळी लागते" म्हणालं, तर वाद न घालता मिरचीचं प्रमाण तपासा. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, गुंटूरकडची तेजा तिखटाला. एका वर्षी ब्याडगी फार महागली म्हणून मी तेजा वाढवली. पैसे वाचले. चटणी खाऊन लोकांचे डोळे पाणावले आणि अकरा जुनी गिऱ्हाइकं गेली.

हाताच्या चवीवर धंदा उभा करणं

सासूबाईंच्या हाताला चव आहे, हे सगळं गल्लीतलं मत. त्यांनी कधी काही मोजलं नाही. दोन मुठी लवंग, तीन मुठी दगडफूल, हिंग "दिसेल एवढा". मी वजनं लिहून ठेवायला लागले तर म्हणाल्या, "अगं, हाताला वजन कळतं. काट्याला चव कळते का?"

उत्तर नव्हतं, म्हणून मी गुपचूप लवंगेचा डबाच काट्यावर ठेवला. त्यांनी मूठ घेतली की आकडा किती उतरतो ते बघायचं. पहिल्या दिवशी मूठ ३४ ग्रॅमची निघाली. चार दिवसांनी ४१ ग्रॅमची. त्या दिवशी त्यांची मोठी मुलगी आली होती, मन मोठं होतं! घरच्या पाच किलोत हा फरक कोणाला कळत नाही. पण दुकानात एकाच फळीवर मागच्या आणि या महिन्याची पाकिटं शेजारी बसली, की तोच फरक दोन वेगळ्या चटण्यांएवढा होतो.

आता चोवीस जिन्नसांची वजनं भिंतीवर लावलेली आहेत. सासूबाई अजून शेवटी चिमूट जिभेवर ठेवून मान हलवतात आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय पाकीट बंद होत नाही. आवड तिथं हवीच. पण एकटीच्या हातातच सगळं अडकलं, तर त्या हाताला ताप आला की धंदा झोपतो. काटा घेतलाच आहात तर तो वजनमापं तपासणाऱ्या सरकारी वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळूनही घ्या. पाकिटावर निव्वळ वजन छापतो, ते खरं असायला हवं.

"तुमच्याकडं अजून काय काय मिळतं?"

हा प्रश्न मला सगळ्यात महाग पडला. चटणी नेणाऱ्या बाई विचारायच्या, मेतकूट करता का? करते की. थालीपिठाची भाजणी? करू. शेवग्याच्या पानांची चटणी, बाजरीचे सांडगे, दिवाळीला चकली. तिसऱ्या वर्षी माझ्याकडं अकरा जिन्नस होते. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, डब्यांना लेबलं नव्हती, आणि एकदा भाजणीच्या पाकिटात उपासाची भाजणी गेली. नशीब, उलट नाही झालं.

वही काढून हिशोब मांडला. विक्रीतल्या दर दहा रुपयांपैकी आठ चटणीचे होते. माझा निम्म्याहून जास्त वेळ मात्र बाकीच्या दहा जिन्नसांत जात होता. सांडग्यांचा तर एकही रुपया सुटत नव्हता. ते मी फक्त एका शिक्षिकाबाईंना आवडतात म्हणून करत होते.

आठ जिन्नस एका दिवसात बंद केले. लोक रुसतील असं वाटलं होतं. तिघींनी विचारलं, बाकीच्यांच्या लक्षातही आलं नाही.

लक्ष एका जागी ठेवायचं म्हणजे कायम एकच वस्तू करायची असं मात्र नाही. लिज्जतनं पहिली पंधरा वर्षं पापड सोडला नाही. १९७४ ला खाकरा आला, १९७६ ला मसाले. त्याच दशकात त्यांनी पिठाच्या गिरण्या काढल्या, छपाईचा आणि वेष्टणाचा विभाग काढला. हे सगळं पापडाच्याच कामी येणारं. चामड्याच्या वस्तू आणि आगपेट्या करून बघितल्या, त्या चालल्या नाहीत. हात शिवशिवणं सगळ्यांचंच होतं, इतक्या शिस्तीच्या संस्थेचंही. मी आता नवीन जिन्नस सुचला की एवढंच विचारते: याला लागणारी भट्टी, गिऱ्हाईक आणि पाकीट माझ्याकडं आधीच आहे का? तिन्हीपैकी दोन नसतील तर तो वेगळा धंदा आहे, आणि तो सुरू करायला दुसरी कोणीतरी लागेल.

ओल्या मालावर भाव काढणं

ही चूक सांगताना लाज वाटते, पण बहुतेक जणी करतात. मी मिरची, कांदा, खोबरं, तेल यांच्या पावत्या जोडायची, त्यात कांडपाची मजुरी घालायची आणि जेवढं साहित्य आणलं तेवढ्या किलोंनी भागायची. पण दहा किलो मिरची ऊन दाखवून, देठ मोडून नऊच्याही खाली येते. कांद्याचं वर सांगितलंच. लसूण सोलला की घटतो, कांडपात थोडं उडतं, डब्याला थोडं लागतं. म्हणजे मी न विकलेल्या किलोंनी भागत होते. प्रत्येक पाकिटामागं माझ्याकडूनच पैसे जात होते, आणि विक्री वाढली की तोटा वाढत होता! मी तेव्हा अजून जोमानं विकत होते.

तयार चटणी काट्यावर ठेवा आणि त्या वजनानं भागा. त्यात गॅस, पाकीट, लेबल, गावात पोचवायचं पेट्रोल आणि स्वतःची मजुरी घाला. कामाला येणाऱ्या मावशींना जो रोज देता, निदान तेवढा स्वतःचा धरा. आकडा बघून धडकी भरेल. मला भरली होती. भाव वाढवला तेव्हा पाचातलं एक गिऱ्हाईक गेलं आणि पहिल्यांदा महिनाअखेर पैसे उरले.

आवडीचं काम करत राहून नावडतं टाळणं

मला मिरची भाजायला आवडते. भाजताना ठसका लागतो, सगळी गल्ली खोकते, तरी आवडते. दुकानदाराला पैशासाठी फोन करायला मात्र जिवावर येतं. त्यामुळं मी जास्त चटणी करायची, जास्त दुकानांत ठेवायची आणि वसुलीचं "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणायची. धंद्याची आवड आटते ती बहुधा अशानं. काम नकोसं होत नाही, अडकलेल्या पैशाची आठवण नकोशी होते.

मी गुरुवार ठरवला. सकाळी दहा ते बारा, भट्टी बंद, फक्त उधारीची वही आणि फोन. पहिल्या गुरुवारी सात फोन केले, पाच जणांनी दुपारपर्यंत पैसे पाठवले. ते द्यायला तयारच होते, मीच मागत नव्हते. उरलेल्या दोघांच्या दुकानात जाऊन बसले. बोलले काही नाही, फक्त बसले.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, ती फुकट होते. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत, असं लहान उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. सहा पाकिटं घेणाऱ्या किराणावाल्याशी कोणी कायद्यानं भांडत नाही. पण मोठ्या दुकानाला बिलावर उद्यम क्रमांक दिसला तर त्यांचा सीए स्वतःहून विचारतो, कारण आता मुदतीत न दिलेली रक्कम आयकरात खर्च म्हणून धरताना अडचण येते.

अनुदानासाठी मशीन घेणं

थोडक्यात सांगते. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, असं ऐकून ओळखीतल्या दोघींनी मोठी कांडप यंत्रं घेतली. उरलेलं कर्ज आपलंच असतं, अनुदानही हातात रोख येत नाही, कर्जखात्यातच राहून तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. एकीचं यंत्र आठवड्यातून दोन दिवस चालतं. आधी बाहेरच्या गिरणीत रांगेत उभं राहायची पाळी येऊ द्या. त्या रांगेत वाया गेलेले तास वहीत लिहा, मग यंत्राचा विचार करा.

थांबायचं कधी, हे आधी न ठरवणं

मी सलग तीन दिवाळ्या एका प्रदर्शनात स्टॉल लावला. दरवर्षी जागेचं भाडं, टेम्पो, दोन बायकांचा रोज, आणि संध्याकाळी "यंदा ओळख झाली, पुढच्या वर्षी चालेल" अशी समजूत. लोक चव बघायचे, कौतुक करायचे, शंभर ग्रॅम न्यायचे. तिसऱ्या वर्षी मी निघायच्या आधी वहीत एक ओळ लिहिली: या चार दिवसांत भेटलेल्या गिऱ्हाइकांपैकी पंचवीस जणांनी संक्रांतीपर्यंत फोन करून पुन्हा मागवली नाही, तर पुढं स्टॉल नाही. संक्रांतीला नऊ फोन झाले होते.

आधी लिहिलेलं नसतं तर त्या नऊमध्येही मला आशा दिसली असती. ती ओळ माझ्याच अक्षरात होती, म्हणून भांडायला कोणी उरलं नाही. वाचलेल्या भाड्याच्या पैशातून कांदा वाळवायला गच्चीवर जाळीची दोन कपाटं करून घेतली. चिमण्या आणि धूळ दोन्ही थांबली.

परवा समोरच्या वहिनी म्हणाल्या, "तुमच्या हाताला एवढी चव, कैरीचं लोणचं का नाही करत?" मी हो म्हणता म्हणता थांबले. भट्टी लोणच्याला लागत नाही. गिऱ्हाईक आहे. पण बरण्या नाहीत, जागा नाही, आणि मे महिना तर कोरडी पूड करायचा. वहिनींना पाव किलो चटणी दिली आणि गुरुवार होता म्हणून उधारीची वही घेऊन बसले.