फोटोथेरपीच्या खोलीत पहिली पोस्टिंग

त्वचारोग विभागात पहिल्या वर्षाला आलात की कधीतरी फोटोथेरपीची, म्हणजे प्रकाशाने उपचार करण्याची, खोली तुमच्या वाट्याला येणारच. बहुतेक पेशंट कोडाचे नाहीतर सोरायसिसचे. त्यांतच एखादा केसपेपर 'मायकोसिस फंगॉइडिस'चा निघतो. नावावर जाऊ नका, बुरशीचा इथे काही संबंध नाही. आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी १८०६ मध्ये वर्णन केलेल्या रुग्णाच्या गाठी अळंबीसारख्या दिसत, म्हणून ते नाव चिकटलं. हा टी-पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा), कातडीतच सुरू होणारा लिम्फोमा, म्हणजे कर्करोग.

मला ही पोस्टिंग लागली तेव्हा मी खूश होते. बटण दाबायचं, मिनिटभर थांबायचं, सही करायची!

खरं काम त्या बटणाच्या आधीचं असतं. आपल्या सावळ्या कातडीत, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, हा आजार फिकट चट्ट्यांचं रूप घेऊन येतो. घरचे कोड समजतात, कुणी कुष्ठरोगाची शंका घेऊन पाठवतं. हे चट्टे सहसा कोडासारखे दुधाळ पांढरे नसतात, आणि कुष्ठरोगासारखे बधिरही नसतात, कापूस फिरवला तर पेशंटला कळतो. शंका आली की आधी बायोप्सी, मग प्रकाश. हा क्रम उलटवू नका. प्रकाशाने वरच्या थरातल्या त्या टी-पेशी मरतात, चट्टा भरून येतो आणि पॅथॉलॉजीत हाती काही लागत नाही. स्टेरॉइडचं मलमही दोन-चार आठवडे आधी बंद करा. पहिला रिपोर्ट अर्धवट आला तर पुन्हा तुकडा घ्यायला लाजू नका.

पातळ चट्ट्यांना नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश. जाड चकत्यांना पुवा, म्हणजे कातडीला प्रकाशाला संवेदनशील करणारं सोरॅलेन आणि वर यूव्हीए हा अतिनील प्रकाश, कारण यूव्हीए जास्त खोल जातो. त्यात सोरॅलेनची गोळी सुमारे दोन तास आधी द्यायची आणि त्या दिवशी उन्हाचा चष्मा उतरवू द्यायचा नाही. (सोरॅलेन आपल्या बावचीतही असतं, कोडावर ती फार जुन्या काळापासून वापरात आहे.) या लिम्फोमावर पुवाचा उपयोग अमेरिकेत गिलक्रेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडला. पुवाची लाली दोन-तीन दिवसांनी कळसाला पोचते, म्हणून लागोपाठच्या दिवशी डोस देत नाहीत.

आता माझी चूक. आमचं मशीन जुनं, वेळ हाताने लावायची. डोस भागिले मीटरचं (ट्यूबच्या प्रकाशाचा जोर मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग, एवढंच गणित: चौरस सेंटिमीटरला ३०० मिलिज्यूल द्यायचे आणि ट्यूब ५ मिलिवॅट देत असतील, तर ६० सेकंद. ट्यूब बदलल्या होत्या, हे मला माहीत होतं. मीटर मात्र मी लावला नाही. नव्या ट्यूब साडेसात देत होत्या, म्हणजे त्याच ६० सेकंदांत ४५०. दुसऱ्या दिवशी एक मावशी पाठ दाखवायला आल्या, लालबुंद. "पोरी, काल चटका जास्तच बसला गं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणखी एक. पेशंटला कपडे काढून नीट तपासा. सोबत बाईमाणूस हवं असेल तर वॉर्डातल्या मावशींना बोलवा. स्तनांखाली, काखेत, जांघेत, नितंबांच्या घडीत प्रकाश पोचत नाही आणि आजार तिथेच दडून राहतो. हात वर, पाय फाकवून उभं राहायला सांगा. डोळ्यांवर गॉगल, पुरुषांना लंगोट, पण तिथे चट्टा नाही ना, हे आधी बघून.

आठवड्यातून तीनदा, कित्येक महिने. एसटीने येणाऱ्याला हे झेपत नाही, मग खाडे होतात. खाडा मोठा झाला की जुना डोस चालत नाही, कमी करावा लागतो. पण ओरडा बसेल म्हणून पेशंट खाडे लपवतात. त्यामुळे "किती दिवस चुकवलेत?" असं मी आता विचारत नाही.

"काका, सोयाबीन काढून झालं का?"

"झालं की, मॅडम. पंधरा दिवस रानातच होतो."

मी रजिस्टर ओढते आणि डोस खाली आणते.