डिमेन्शिया असलेल्या माणसाला साथीच्या काळात घरी वेगळं कसं ठेवावं

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाला एकट्याला खोलीत ठेवता येत नाही, हे आधी मान्य करा. 2020 मध्ये सोसायटीच्या फलकापासून फॅमिली ग्रुपपर्यंत सगळीकडे ‘रुग्णाने 14 दिवस स्वतंत्र खोलीत राहावे’ असं लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर स्मरण शाबूत असलेला रुग्ण होता. दार का लोटलंय हे ज्याच्या पाच मिनिटांनी लक्षात राहत नाही, तो दार वाजवणार, रडणार, पडणार. नियम त्याला पाळायला सांगायचेच नाहीत, ते बाकीच्या घरानं पाळायचे. सासूबाईंच्या वेळी करोनाच्या दोन लाटा आणि आता वडिलांच्या बाबतीत पावसाळ्यातला फ्लू, मी हे असंच निभावत आले आहे.

1. आत कोण जाणार ते ठरवा

एकच माणूस. पाळीपाळीनं चार जण नकोत. संसर्गही वाढतो आणि पेशंटचा गोंधळही. लस झालेला, साखर-बीपी आटोक्यात असलेला आणि ज्याच्या हातून ती व्यक्ती मुकाट्यानं जेवते असा माणूस निवडा. हा तिसरा निकष लोक विसरतात. सख्खा मुलगा आहे म्हणून त्याला आत पाठवायचं आणि आई त्याला चोर समजून ओरडत बसायची, असं नको. दुसऱ्याचं नाव राखीव ठेवा.

दिवसभराच्या मावशी असतील तर ‘राहाल का?’ असं सरळ विचारा, राहण्याचे जादा पैसे आधी ठरवा, आणि त्या नाही म्हणाल्या तर राग धरू नका. त्यांच्याही घरी म्हातारी माणसं आहेत.

लांबून सल्ले देणाऱ्या भावंडांना एकेक काम द्या: औषधं मागवणं, बिलं भरणं, डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांपासून ही फोनवरची तपासणी रीतसर झाली आहे. काम नसलेला भाऊ रोज नवा काढा सुचवतो.

2. खोली

पेशंटची नेहमीचीच खोली. आतली कडी काढून टाका, बाहेरूनही कधी लावू नका. दिवा अंधार पडायच्या आधी लावा. चपला आणि बाहेर जायची पिशवी नजरेआड करा.

3. मास्क लावून जवळ जाणं

या पायरीवर माझी सगळ्यात जास्त दमछाक झाली आणि सगळ्यात भिकार सल्लेही याच पायरीबद्दल मिळाले. ‘रुग्णाला हळूहळू मास्कची सवय लावा’ हा त्यातला पहिला. सवय लागायला कारण लक्षात राहावं लागतं. ती मास्क ओढून काढेल, चावेल, उशीखाली ठेवेल. दोनदा प्रयत्न करून सोडून द्या आणि मास्क स्वतः लावा. नीट बसणारा एन-95, खिडक्या उघड्या, पंखा चालू. नुसती पारदर्शक शील्ड मास्कचं काम करत नाही.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, चेहरे ओळखणं आधीच डळमळीत झालेलं असतं. त्यात तुमचं नाक-तोंड झाकलं की उरतात दोन डोळे. म्हातारपणी ऐकू कमी येतं, म्हणून नकळत ओठांकडे पाहून बोलणं समजून घ्यायची सवय असते, तीही तुटते. मास्कमधून आवाज दबतो म्हणून आपण ओरडतो, आणि ओरडणं तिला रागावणं वाटतं. मग ‘ही बाई कोण? हिला बाहेर काढा’ सुरू होतं. तीस वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलेल्या सासूनं असं म्हटलं की लागतं. लागू द्या, पण तिच्याशी त्यावरून वाद घालू नका. तिच्या दृष्टीनं तोंड बांधलेलं कुणीतरी घरात शिरलंय, आणि तिचं ओरडणं अगदी रास्त आहे.

मी करते ते असं. मास्क बाहेरून लावून आत जायचं नाही. खिडकी उघडी ठेवून दारातच, लांबून, क्षणभर पूर्ण चेहरा दाखवायचा आणि नाव-नातं दोन्ही सांगायचं: ‘आई, मी, तुमची धाकटी सून.’ मग तिच्या देखत मास्क चढवायचा. चेहरा गेला कुठे ते तिला दिसलेलं असतं, म्हणून घाबरणं निम्म्यावर येतं. हे प्रत्येक खेपेला. सकाळी ओळखलं होतं म्हणून दुपारी ओळखेल, असं धरू नका. तुम्हाला स्वतःला धोका जास्त असेल तर चेहरा उघडायचाच नाही. हसऱ्या चेहऱ्याचा मोठा फोटो छातीवर लावा. इबोलाच्या साथीत लायबेरियात डॉक्टर-नर्सच्या पोशाखावर असे फोटो लावले होते, 2020 मध्ये कोविड वॉर्डांतही लावले गेले. घरीही उपयोग होतो.

बाकी खुणा चेहऱ्याबाहेरच्या द्या. रोज त्याच रंगाचा गाऊन, त्याच बांगड्या, तेच खोबरेल. समोरून जा, मागून कधीच नाही. तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. एक वाक्य बोला आणि थांबा, मनात दहा मोजा. आवाज मोठा नको, खालच्या पट्टीत आणि सावकाश. उतारवयात चिरका आवाजच आधी ऐकू येईनासा होतो. तिनं तुमचा मास्क ओढला तर हात धरू नका. एक पाऊल मागे या, तिच्या हातात घडी घालायला नॅपकिन द्या, खिशातला दुसरा मास्क लावा. तिला श्रवणयंत्र असेल आणि दवाखान्यात नेताना थोडा वेळ मास्क लावावाच लागला, तर डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचा घ्या. कानाच्या इलास्टिकबरोबर यंत्रही ओढलं जातं, आणि ते नेमकं रिक्षात पडतं.

दोघी पॉझिटिव्ह आलात तर आतल्या आत मास्कची कटकट संपते. त्या आठवड्यात ताप अंगात असूनही मला हायसं वाटलं होतं, हे कुणाला सांगू नये असं म्हणतात, म्हणून सांगते.

4. संध्याकाळ

चार-पाचनंतर ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं. ‘हेच तुमचं घर’ म्हणू नका. ‘बाहेर साथ आहे, आज इथेच जेवू’ एवढं पुरे. आकडे आणि बातम्या नकोत, टीव्ही बंद. मेथी निवडायला द्या, गॅलरीपर्यंत फिरवून आणा. शांत करायची गोळी मनानं किंवा शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून देऊ नका. डिमेन्शियात या औषधांनी पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो, आणि लेवी बॉडी प्रकारात एखादा डोसही फार महाग पडू शकतो.

5. आजार वाढतोय का ते पाहणं

ती ‘छातीत भरल्यासारखं वाटतंय’ असं सांगणार नाही. कालपर्यंत चालणारी आज उठेना, एकदम गुंगीत गेली किंवा एकाएकी जास्त भ्रमिष्ट झाली, तर डिमेन्शिया वाढला असं समजू नका. वयस्कर माणसांत करोनाचं पहिलं लक्षण कधी कधी एवढंच होतं, ना ताप ना खोकला. त्याच दिवशी डॉक्टर. ऑक्सिमीटर डुलकी लागल्यावर लावा, बोट गरम करून. नेलपॉलिश आणि मेंदी आकडा चुकवतात. ऑक्सिजन 94 च्या खाली किंवा मिनिटाला 24 पेक्षा जास्त श्वास म्हणजे वाट पाहायची नाही.

अॅडमिट करायची वेळ आली तर एक कागद तयार हवा: कुठल्या हाकेला ओ देते, चष्मा, कवळी, औषधं, आणि लघवीला लागल्याची खूण. आमच्या आई पदराशी चाळा करायच्या. हे नर्सला माहीत नसेल तर ती हात बांधते. सोबतीला एक माणूस राहू द्या म्हणून आग्रह धरा; नातेवाइकांना मज्जाव असतानाही काही ठिकाणी तो मानला जायचा.

6. फोन

व्हिडिओ कॉल सकाळी, एका वेळी एकच चेहरा, पाच मिनिटं. ‘मला ओळखलंस का?’ विचारणाऱ्याचा फोन मी ठेवून देते.

नात्यातलं कुणी गेलं तर तिला एकदा, साध्या शब्दांत सांगावं. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगायचं नाही. दर वेळी तिला ते पहिल्यांदाच कळतं. ‘माईची आठवण येतेय का? तिची पुरणपोळी कशी असायची?’ म्हणत बोलणं तिकडे न्यायचं. याला खोटेपणा म्हणणारी नणंद प्रत्येक घरात असते. तिला एक रात्र आत पाठवा.

7. आतल्या माणसाचं

रात्रीची सलग पाच तास झोप ठरवून घ्या. तेवढा वेळ राखीव माणूस मास्क लावून दाराशी बसेल. फारच कोंडल्यासारखं झालं तर ज्येष्ठांसाठीची 14567 आणि मानसिक आधाराची 14416 या सरकारी हेल्पलाइन आहेत. मावशी परत कामावर आल्या की पहिले दोन दिवस तुम्हीही खोलीत थांबा, कारण मधल्या काळात आई त्यांनाही विसरलेल्या असतात.