मुलांना गटात बसवण्याआधी काय काय तयार ठेवावं

माझा पहिला गटपाठ फसला तो पाठामुळे नव्हे. प्रश्न चांगले काढले होते, कागद कापून ठेवले होते. पण "चौघाचौघांचे गट करा" म्हटल्याबरोबर बाक ओढण्यात आणि "मी हिच्याजवळ बसणार" यातच वेळ निघून गेला. शेवटी एकदाचे सगळे बसले, तेव्हा प्रत्येक गटात एकजण लिहीत होता आणि बाकीचे त्याच्या पेन्सिलीकडे बघत होते. त्या दिवसापासून मी पाठाच्या टाचणाइतकीच त्याच्या आधीची तयारी लिहून काढते. नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकांच्या उपयोगी पडेल म्हणून ती इथे देते आहे.

आधी जागा. आदल्या दिवशी मुलं गेल्यावर बाक गटाच्या रचनेत लावा आणि प्रत्येक जागेवर स्वतः बसून बघा. फळा दिसतो का? मान पूर्ण वळवावी लागते का? कुणालाही "सरक" न म्हणता तुम्हाला प्रत्येक गटापर्यंत जाता येतं का? आणि एक बारकी गोष्ट, जी माझ्या फार उशिरा लक्षात आली: चौघांमध्ये एकच कागद ठेवला तर समोर बसलेल्या दोघांना तो उलटा दिसतो. वाचता येत नाही, म्हणून ती मुलं हळूहळू मागे रेलतात आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. कागद आडवा, दोन्ही बाजूंच्या मधोमध ठेवायला शिकवा किंवा जोडीला एक असे दोन कागद द्या.

गट तुम्हीच पाडा आणि नावं आधी लिहून ठेवा. पहिली-दुसरीला जोडी पुरते. तिसरीपासून चौघांचा गट चालतो, कारण त्याच्या दोन जोड्या होतात आणि कुणी उरत नाही. तिघांत मात्र दोघांचं जमतं आणि तिसरं मूल बाहेर पडतं. सगळी हुशार मुलं एका गटात नकोत, तसंच एक फार पुढचं आणि तीन फार मागची अशी मोटही बांधू नका. ज्या दोघांचं अजिबात पटत नाही त्यांना सुरुवातीला वेगळं ठेवा. अबोल मुलाशेजारी ऐकून घेणारं मूल बसेल असं बघा. गैरहजेरी असणारच, तेव्हा कोणता गट कुणाला सामावून घेईल तेही ठरवून ठेवा. एकदा पाडलेले गट महिनाभर तरी मोडू नका, मुलांना एकमेकांची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.

मग खूण. माझी खूण म्हणजे वर केलेला हात. तो दिसला की मुलांनीही हात वर करायचा, चालू वाक्य संपवायचं आणि माझ्याकडे बघायचं. हे शिकवायला पहिले काही दिवस वेगळे ठेवा, त्यात पाठ आणू नका. नुसतं बोला, थांबा, पुन्हा बोला. दोघं अजून बोलत असताना तुम्ही सूचना द्यायला लागलात तर खूण कमजोर होते, म्हणून शेवटचं मूल गप्प होईपर्यंत थांबाच. बाक हलवण्याचाही असाच सराव घ्या. आवाजाचंही तसंच: जोडीत बोलायचा, गटात बोलायचा आणि वर्गाला सांगायचा असे तीन आवाज मुलांकडून काढून घ्या. गटकामात गलबला होणारच, पण तो कामाचा आहे की नाही हे कानाला लवकरच कळायला लागतं. साहित्य सूचनांनंतर वाटा. कागद हातात आला की कान बंद होतात. सूचना तीनच ठेवा, फळ्यावर लिहा आणि एका मुलाकडून वदवून घ्या.

आता खुद्द काम, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथे करायचा. मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे भाऊ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की जवळ बसणं म्हणजे सहकार्य नव्हे. मुलांना एकमेकांची गरज पडली पाहिजे आणि तरीही प्रत्येकाला स्वतःचा हिशेब द्यावा लागला पाहिजे. म्हणून काम ठरवताना मी स्वतःला विचारते, हे एखादं मूल एकट्याने उरकून टाकू शकेल का? उत्तर "हो" आलं तर काम बदलते. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात हाच धागा पकडला. गोरी, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि चढाओढीने वातावरण तापलं होतं. त्यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. शेजाऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. हेच जिगसॉ तंत्र. लहान वर्गात ते करायचं असेल तर तुकडा पाच-सहा ओळींचाच ठेवा आणि वेगवेगळ्या गटांत तोच तुकडा मिळालेल्या सगळ्यांना आधी एकत्र बसवा. वाचनात अडखळणारं मूल तिथे तयारी करतं आणि मग आपल्या गटात मान वर करून सांगतं.

स्पेन्सर केगन यांच्या नावाने ओळखली जाणारी क्रमांकाची पद्धत त्याहून सोपी आहे. गटात प्रत्येकाला एक ते चार क्रमांक द्यायचे, चर्चा होऊ द्यायची आणि मग एकच क्रमांक पुकारायचा. कोण उठणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, सहसा तोंड न उघडणारा. एकदा त्याच्या गटातली मुलगी त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुझा नंबर आला तर? सांग बघू." त्याने सांगितलं, अडला. तिने बोटाने आकृतीवर दाखवलं. तो पुन्हा पहिल्यापासून बोलला. क्रमांक भलत्याचाच निघाला, पण त्याचं शिकून झालं होतं.

विचार करा, जोडीत बोला, वर्गाला सांगा ही शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांची १९८१ची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण तिची पहिली पायरीच आपण गिळून टाकतो. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांची निरीक्षणं केली तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तो वेळ तीन सेकंदांवर गेला की उत्तरं लांबली आणि जास्त मुलं बोलू लागली. मनात आकडे मोजा. आणि प्रश्न जोडीत बोलण्याच्या लायकीचा काढा. "सात आठे किती" यात बोलण्यासारखं काही नाही. "सात आठे विसरलात तर कसं शोधून काढाल?" यात भरपूर आहे.

वाचणारा, लिहिणारा, वेळ बघणारा, सगळ्यांना विचारणारा अशी कामं वाटून द्या आणि फिरवत राहा. शेवटचं काम सर्वांत अवघड. त्याला लागणारी वाक्यं फळ्याशेजारी लावून ठेवा: "तुला काय वाटतं?", "मला हे पटलं नाही, कारण...", "थांब, तिचं राहिलंय." भांडण झालं तर काय, लवकर संपलं तर काय, एखाद्याने बसायलाच नकार दिला तर काय, याचंही एकेक उत्तर टाचणात हवं. नकार देणाऱ्याला मी बाजूला बसून आपला वाटा लिहू देते आणि तयार झाला की परत बोलावते. गुण मात्र गटाला देऊ नका. दुसऱ्याच्या आळसाची शिक्षा मुलाच्या फार काळ लक्षात राहते.

गट चालू असताना एका गटापाशी वाकलात तरी पाठ भिंतीकडे आणि तोंड वर्गाकडे असू द्या. हातात कागद-पेन्सिल ठेवा आणि कोण एकदाही बोललं नाही ते टिपून घ्या. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा: आज आपल्या गटात काय जमलं, पुढच्या वेळी काय बदलायचं, एवढंच प्रत्येक गट सांगेल. मग बाक जागेवर. टिपलेली नावं त्याच दिवशी वहीत उतरवा आणि पुढच्या गटपाठाला पहिली फेरी त्याच मुलांपासून सुरू करा.