जुन्या पाइप ऑर्गनचे काम शिकताना: पाइपला हात सर्वांत शेवटी

चर्चमधल्या जुन्या ऑर्गनवर नवशिक्याला पहिले काम मिळते ते पट्ट्या दाबून धरायचे. सूर जुळवणारा आत पाइपांच्या रांगांमधल्या अरुंद फळीवर उभा असतो. बाहेरच्याने एक पट्टी धरायची आणि आतून ‘पुढे’ ऐकू आले की दुसरी. तासन्‌तास हेच. कंटाळा येतो, पण कान तयार होतो तो इथेच. जवळजवळ सारखे दोन पाइप एकदम वाजले की सुरात लाट उठते. सेकंदाला चार लाटा म्हणजे दोघांत ४ हर्ट्झचा फरक. लाट मंदावत थांबली की जुळले.

पाइपला हात लावण्याची घाई मात्र नको. बिघाड बहुतेक वेळा पाइपात नसतोच. हवेची वाट आधी डोक्यात बसवावी: ब्लोअर, वजने ठेवलेला साठ्याचा भाता, लाकडी वाहिन्या आणि मग हवापेटी. दाब फार नसतो; जुन्या वाद्यांत साधारण ६० ते ९० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. तो इंग्रजी यू आकाराच्या काचनळीत पाणी भरून मोजतात. हवापेटीत प्रत्येक पट्टीचा एक लांबट खण असतो. खणाखाली चामडे लावलेली झडप, वर भोके पाडलेली सरकती फळी, म्हणजे स्लायडर. पट्टी दाबली की ट्रॅकर नावाच्या पातळ लाकडी काड्या झडप ओढतात; स्टॉपची, म्हणजे एका जातीच्या पाइपांच्या रांगेची, खुंटी ओढली की स्लायडर सरकतो. दोन्ही उघडले तरच पाइप बोलतो.

निम्मे निदान यातच आहे. एक पट्टी सगळ्या स्टॉपवर मुकी असेल तर झडप किंवा ट्रॅकर बघा. एक स्टॉप सगळ्या पट्ट्यांवर मुका असेल तर स्लायडर. एकाच स्टॉपचा एकच सूर गेला असेल, तर आणि तरच पाइप.

सर्वांत जास्त सतावतो तो चिकटलेला सूर: पट्टी सोडली तरी वाजतच राहतो. अशा वेळी त्या पट्टीचे बाकीचे स्टॉप एकेक ओढून बघावेत. तेही वाजले तर झडप पुरती मिटलेली नाही. ऋतू बदलला की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते किंवा आटते, सांगाड्यातली अंतरे बदलतात आणि ट्रॅकर ताणला जातो. त्याच्या टोकाची चामड्याची चकती अर्धा फेरा सैल केली की काम भागते. (किती फिरवली ते लिहून ठेवा, कोरड्या दिवसांत ती परत घट्ट करावी लागेल.) तरीही सूर वाजत राहिला तर झडपेच्या चामड्यावर कचरा असेल किंवा स्प्रिंग दमली असेल.

शेजारचा सूर कुजबुजत असेल तर गोष्ट गंभीर. खणावरची फळी तडकली आहे किंवा सरसाचा सांधा सुटला आहे, आणि हवा एका खणातून दुसऱ्यात जाते आहे. कारण बहुधा हीटर. हवेतली आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत राहावी आणि तापमान तासाला एक-दोन अंशांपेक्षा वेगाने चढू नये.

तापमानावरूनच सर्वांत महागडी चूक होते. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की साध्या पाइपांचा सूर सुमारे ३ सेंटने चढतो. अर्ध्या स्वराचे १०० सेंट. हिवाळ्यातल्या १० अंशांवरून उन्हाळ्यात २० वर गेलो की जवळपास ३० सेंट. रीडच्या पाइपांत सूर पितळी पत्ती ठरवते, म्हणून त्या फारशा हलत नाहीत आणि उन्हाळ्यात उतरलेल्या वाटतात. साधे पाइप सगळे मिळून एकसारखे चढलेले असतात. जुळवायच्या त्या मोजक्या रीड, पत्ती दाबून धरणाऱ्या तारेवर हलके ठोकून. नवशिका नेमके उलटे करतो. आणि उघड्या बोटांनी धरलेला पाइप तापतो; त्याचा सूर तेव्हा ऐकून उपयोग नाही.

जुने पाइप कथील-शिशाचे, मऊ. वरचे तोंड शंकूने किंचित फाकवले की सूर चढतो, आवळले की उतरतो. शंकू जोरात मारला तर सारा भार पाइपच्या निमुळत्या पायावर येतो, पाय दबतो, हवेचे भोक लहान होते आणि आवाज क्षीण होतो. मग कोणीतरी भोक मोठे करतो, आवाजाचा पोतच बदलतो, आणि मूळ कारागिराचे काम कायमचे जाते. बंद तोंडाच्या पाइपांना शंकू चालत नाही. तिथे बूच वर-खाली करतात, आणि टोपीला डाख दिलेला असेल तर पाइपच्या खालच्या फटीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या, म्हणजे कान, वाकवतात.

काही गोष्टी बिघाड वाटतात, पण नसतात. बऱ्याच जुन्या वाद्यांत खालचे सप्तक ‘आखूड’ असते: ई दाबली की सी वाजतो, एफ शार्पवर डी, जी शार्पवर ई. महागड्या खर्जाच्या पाइपांची ही बचत होती. मीनटोन नावाच्या जुन्या जुळणीत जी शार्प आणि ई फ्लॅट एकत्र वाजवले की लांडग्यासारखा सूर ओरडतो, ओरडू द्या. स्टॉपवर २ २/३ लिहिले असेल तर वरचा पंचमच वाजणार. ८ फुटी स्टॉपचा सर्वांत मोठा पाइप ४ फुटी निघाला तर तो बंद तोंडाचा आहे, कारण बंद पाइप निम्म्या लांबीत तोच सूर देतो. आणि ‘काल्कांट’ लिहिलेल्या खुंटीचा पाइप शोधत बसू नका. तिने भाता तुडवणाऱ्या माणसाकडची घंटा वाजायची.

इतिहास वाचायचा तो यासाठी: एका ऑर्गनमध्ये अनेक काळ नांदतात. आर्प श्निटगर या जर्मन ऑर्गन-कारागिराने १६९३ मध्ये हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चचा ऑर्गन पुरा केला, तेव्हा आधीच्या ऑर्गनचे पाइपही वापरले. १९१७ मध्ये त्याचे दर्शनी पाइप युद्धासाठी वितळवले गेले. दुसऱ्या महायुद्धात पाइप आणि हवापेट्या हलवल्या म्हणून वाचल्या. युर्गेन आरेंड यांनी केलेला जीर्णोद्धार १९९३ मध्ये पूर्ण झाला. तिथला ए सुमारे ४९५ हर्ट्झचा, म्हणजे आजच्या प्रमाण ४४० पेक्षा पूर्ण एक स्वर वर. असे पाइप ‘दुरुस्त’ करून ४४० ला आणणे म्हणजे ते नासवणे.

हे रीतसर शिकायचे तर जर्मनीत साडेतीन वर्षांची उमेदवारी आहे. वर्कशॉपमधल्या कामाबरोबर लुडविग्सबुर्गच्या ऑस्कर वाल्कर शाळेत वर्ग. सुतारकामाचा हात आधीच असेल तर सुरुवात सोपी जाते. संगीत येत नसले तरी चालते, कान मात्र हवा.

ऑर्गनमधून बाहेर पडण्यापूर्वी वहीत चार नोंदी करायच्या: तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, आणि कोणत्या पट्टीची चकती किती फिरवली.