नवरा निम्म्या भाज्या खात नसेल तर एकाच स्वयंपाकात सगळ्यांचं कसं भागवायचं

लग्नाला ११ वर्षं झाली, माझा नवरा वांगं, दुधी, लाल भोपळा, शेपू, कारलं, कोबी यातलं काही खात नाही. पहिली दोन वर्षं त्याच्यासाठी वेगळं करायचे, मग सगळे जेवायला बसले की मी अजून गॅसपाशीच, आणि मी बसेपर्यंत बाकीच्यांचे हात धुवून झालेले. याचं मला फार वाईट वाटायचं, म्हणून हे लिहितेय.

आधी बोला, पण ताटावर नाही, दुपारच्या चहाला वगैरे. काय आवडत नाही ते तर माहितीच असतं, का आवडत नाही ते विचारा. वास नको, चव नको की तोंडात कसं लागतं ते नको? आमच्याकडे कळलं की वांग्याची चव त्याला चालते, तो गिळगिळीतपणा आणि साल नको असते. म्हणजे भरलं वांगं बंद पण भरीत चालू! गॅसवर साल काळी होईपर्यंत भाजायचं, नीट सोलायचं, आणि कच्चा कांदा, दाण्याचं कूट भरपूर घालायचं म्हणजे दाताखाली काहीतरी येतं. भेंडीचंही तेच, तार सुटली की संपलं. धुवून फडक्यावर पूर्ण कोरडी करा, मग चिरा, झाकण ठेवू नका, दोन-तीन आमसुलं टाका, मीठ शेवटी. कारल्यासाठी मात्र हट्ट करू नका, काहींच्या जिभेला कडू जन्मतःच जास्त लागतं.

आता मुख्य गोष्ट. दोन भाज्या करायच्या नाहीत, एकच भाजी मधे थांबवायची. शेपूच्या दिवशी मी १ वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवते, तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, मिरची, हळद, त्यावर डाळ, पाण्याचा हबका मारून वाफ काढायची. डाळ बोटाने दाबली की मोडते पण अख्खी दिसते, तेव्हा निम्मी बाहेर काढायची, त्यावर मीठ, लिंबू, ओलं खोबरं, झाली त्याची मोकळी डाळ. कढईत उरलेल्या डाळीत चिरलेला शेपू आणि मीठ, तो लगेच शिजतो. कढई एकच, वेळ पाच मिनिटं जास्त. असंच वरण आधी काढून ठेवायचं आणि मग आमटीत शेंगा घालायच्या, भाजणी मळून निम्म्या गोळ्यात दुधी किसायचा.

लपवून मात्र घालू नका, प्लीज. मी एकदा दुधी न सांगता थालीपिठात घातला, त्याला दुसऱ्या घासाला कळलं आणि नंतर कितीतरी महिने तो प्रत्येक थालीपीठ मोडून बघायचा, ते बघून मला खूप लागलं. विश्वास गेला की चालणारे पदार्थपण जातात.

ताटाची डावी बाजू कधी रिकामी ठेवू नका. दाण्याची चटणी, लसणीची चटणी, मेतकूट-दही, काकडीची कोशिंबीर यातलं दोन असलं की भाजी नसली तरी ते जेवण वाटतं.

मुलं बघत असतात, म्हणून आमचं ठरलंय की त्याने 'शी' म्हणायचं नाही, 'मला आज नको' म्हणायचं, आणि मीपण मुलांसमोर टोमणा मारायचा नाही. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, त्या आग्रहाने वाढायच्या, पण आता नवीन काही असलं की चमचाभर कडेला वाढतात आणि विषय काढत नाहीत. लाल भोपळ्याचे घारगे असेच सुरू झाले, आता तो स्वतः मागतो.

एखाद्याचं खाणं अचानकच कमी झालं किंवा वजन उतरायला लागलं तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा.

कोबीचं अजून जमलेलं नाही, वड्या केल्या तर दोन खातो, भाजी असली की त्याचं वरण-भात, मेतकूट आणि भाजलेला पापड, पण साडेआठला आम्ही पाचही जण एकदमच बसतो.