फटाक्यांचे डाग गाडीच्या काचेवर: आधी पाणी, मग फडकं

फटाक्यांपेक्षा जास्त काचा दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या फडक्यानं खराब होतात, हे मी सोलापुरात गाड्यांच्या काचांचं काम करता करता बघत आलोय. भुईनळ्यात आणि फुलबाजीत धातूचा बारीक कीस असतो, ठिणग्या उडतात त्या त्याच्याच. फटाका विझतो, पण कीस राखेबरोबर काचेवर पडून राहतो. त्यावर फडकं फिरवलं की चरे पडलेच म्हणून समजा. वायपर चालवणं तर त्याहून वाईट. त्याचा कमानीसारखा ओरखडा कायमचा राहतो आणि रात्री पुणे रोडला समोरून ट्रकचा लाईट आला की नेमका डोळ्यासमोर चमकतो.

म्हणून पहिलं काम पाण्याचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या आधीच गाडीसाठी दोन बादल्या बाजूला भरून ठेवा. काच उन्हानं तापली असेल तर गाडी सावलीत घेऊन निवू द्या. मग मगानं वरून खाली पाणी सोडत राख वाहून जाऊ द्या. वायपर उचलून त्यांची रबरंही धुवा, कण तिथंच अडकतात. त्यानंतर शांपूच्या पाण्यात भिजवलेलं मऊ कापड, जोर न लावता. बोअरचं पाणी असेल तर ते काचेवर वाळू देऊ नका. क्षाराचे पांढरे डाग बसतात आणि मग फटाक्याचा डाग कुठला नि पाण्याचा कुठला, काही कळत नाही.

काच धुऊन झाली की उरलेल्या ठिपक्यावरून नख फिरवा. पुढचं सगळं इथं ठरतं. ठिपका नखाला वर आलेला लागला, तर तो निघण्यासारखा आहे. नख आत अडकलं, तर काचेचा टवका गेलाय, घासून तो खड्डा भरायचा नाही. नखाला काहीच लागलं नाही आणि डाग मात्र दिसतोय, तर आतल्या बाजूनं बघा. काच उघडी राहिली असेल तर ठिणगी आत जाऊन सन फिल्म जळालेली असते, तिला बदलण्यावाचून उपाय नाही.

वर आलेला ठिपका तांबूस असेल तर तो लोखंडाचा कण. तापलेला असतानाच तो काचेला धरतो आणि दवानं गंजतो. ग्राइंडर चालतो अशा वर्कशॉपशेजारी लावलेल्या गाड्यांवर हेच ठिपके वर्षभर दिसतात. त्यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा, मारा. जिथं लोखंड आहे तिथं तो जांभळा होऊन ओघळायला लागतो. वाळायच्या आत धुवून टाका. मग शांपूच्या पाण्यानं काच ओली ठेवून क्ले बारची, म्हणजे चिकटलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या लगद्याची, चपटी वडी बोटांखाली घेऊन सरळ रेषेत फिरवा. आधी हाताला खरखर लागते, ऐकूही येते. ती थांबली की तेवढा भाग साफ झाला. वडी जमिनीवर पडली तर जीव न गुंतवता फेकून द्या, तिला चिकटलेला एक खडा सगळ्या काचेवर रेघोट्या ओढतो.

वितळलेलं प्लॅस्टिक चिकटलं असेल तर नवं कोरं ब्लेड आणि भरपूर साबणाचं पाणी घ्या. ब्लेड काचेवर जवळजवळ आडवं ठेवून पुढं ढकलायचं, मागं ओढायचं नाही, आणि तेही फक्त बाहेरून. मागच्या काचेला आतून डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरची वाफ घालवणाऱ्या, तारा असतात. हेडलाईटला तर ब्लेड लावूच नका, तो प्लॅस्टिकचाच असतो. बाथरूमचं ॲसिड कुठंच नको, रंग आणि रबर दोन्ही जातात.

राहिलेला बारीक धूसरपणा सेरियम ऑक्साईडच्या पॉलिशनं जातो. पण "मिस्त्री, जरा दाबून मारा की, जाईल तो चरा," असं म्हणणारे काका दर दिवाळीला येतात. "काका, चरा जाईल, पण काच तिथं खोलगट होईल आणि तुम्हाला समोरचा रस्ता वाकडा दिसेल," हे मी त्यांना समजावून सांगतो. चालकाच्या नजरेसमोरचा खोल चरा मी मशीननं काढत नाही, कुणी कितीही पैसे देऊ दे.

सुतळी बॉम्बवर डबा किंवा करवंटी उपडी घालायची पोरांना हौस असते. तो डबा नाहीतर उडालेला खडा येऊन आदळला की काच टिचते. समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मधे प्लॅस्टिकचा पापुद्रा, त्यामुळं ती फुटली तरी जागेवर राहते. टवका रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असेल, कडेला किंवा चालकाच्या नजरेसमोर नसेल, तर रेझिन, म्हणजे घट्ट होणारा पारदर्शक डिंक, भरून काम भागतं. तोवर त्यावर पारदर्शक टेप लावा, गाडी धुवू नका, काचेवर एसीचा झोत सोडू नका. टवक्यात पाणी गेलं की रेझिन नीट धरत नाही.

दाराच्या काचा टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या, असतात. फुटल्या की त्यांचा चुरा होतो, दुरुस्ती नाही. नवी बसवताना दाराच्या पोटात पडलेले खडे काढायला लावा आणि काचेच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण व आयएस २५५३ हा क्रमांक बघून घ्या.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर यातलं काहीच मिळत नाही. आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या पॅकेज पॉलिसीत काच जुनी म्हणून पैसे (घसारा) कापत नाहीत, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आपल्याच खिशातले जातात आणि नो क्लेम बोनसही जातो. रेझिनच्या कामासाठी क्लेम करू नका, असंच मी सांगतो. समोरची अख्खी काच गेली असेल तर जरूर करा.

आता हे सगळं टाळायचं कसं? बॉनेट आणि काच यांच्यामधल्या खाचेतली बदामाची, कडुनिंबाची वाळलेली पानं आधी काढा. ठिणगी तिथं पडली तर आग धरते. सगळ्या काचा आणि सनरूफ बंद करा. नायलॉनचं कव्हर मात्र त्या रात्री घालू नका. ठिणगीनं ते वितळतं आणि काचेला चिकटतं, ब्लेडनं खरवडायची निम्मी कामं त्याचीच. त्यापेक्षा सोलापूरकराच्या घरात जुन्या सुती चादरी असतातच. दोन भिजवून पिळा, एक पुढच्या काचेवर, एक मागच्या. वाळत आल्या की पुन्हा पाणी शिंपडा, कारण कोरडं सूत धुमसतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेला होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं तेव्हाही, जवळपास राहणाऱ्यांनी असंच करावं. सकाळी चादर ओढून काढू नका. चारी कोपरे धरून राख आत घेत वर उचला आणि थेट बादलीत बुडवा.