अख्ख्यासारखा तुकडा: चित्रकोडी सोडवताना या चुका टाळा

डावीकडे सहा चौकटी, उजवीकडे सहा. डावीकडच्या सहाही चित्रांत एक गोष्ट खरी असते आणि उजवीकडच्या एकाही चित्रात ती खरी नसते. ती गोष्ट कोणती, हे एका वाक्यात सांगायचं. मिखाईल बोंगार्ड या सोव्हिएत संशोधकाने यंत्राला आकृत्या ओळखायला कसं शिकवता येईल याचा विचार करताना अशी १०० कोडी रचली आणि १९६७ साली आपल्या पुस्तकात दिली. पुढे याच साच्यावर अनेकांनी नवी कोडी रचली. त्यांतला माझ्या सगळ्यांत जिव्हाळ्याचा प्रकार म्हणजे अख्खी आकृती आणि तिचाच तुकडा यांच्या नात्यावरची कोडी.

सदाशिव पेठेत आमच्या घरी रविवारी सकाळी पाच-सात मुलं ही कोडी घेऊन बसतात. बहुतेकांनी शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीचा भरपूर सराव केलेला असतो. गटात न बसणारी आकृती ती चुटकीसरशी काढतात. या प्रकाराशी मात्र अडतात, आणि गंमत म्हणजे नवीन आलेलं मूलही जुन्या मुलांच्याच जागी अडतं. घरी मुलांना घेऊन बसणाऱ्या आईबाबांना आणि स्वतः सोडवणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या जागा इथे लिहिते.

नाक कागदाला लावून बघणं

अगदी सोपं कोडं घ्या. डावीकडे बारीक गोलांनी काढलेला मोठा गोल, बारीक त्रिकोणांनी काढलेला मोठा त्रिकोण, बारीक चौकोनांचा मोठा चौकोन. उजवीकडे गोलांचा त्रिकोण, चौकोनांचा गोल, त्रिकोणांचा चौकोन.

सहावीतली एक मुलगी यावर दहा मिनिटं बसली होती. तिने वहीत यादी केली होती: डावीकडे गोल, त्रिकोण, चौकोन, उजवीकडे गोल, त्रिकोण, चौकोन. मग म्हणाली, "मावशी, दोन्हीकडे तेच आहे. फरकच नाही." तिची यादी बरोबर होती, पण ती फक्त बारक्या आकृत्यांची होती. मी कागद उचलून गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला कठड्याशी धरला आणि तिला जागेवरूनच बघायला सांगितलं. क्षणभर थांबली आणि ओरडलीच, "इकडे गोलांचाच गोल आहे!"

डेव्हिड नॅव्हॉन या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली बारीक अक्षरांनी काढलेली मोठी अक्षरं लोकांना दाखवून प्रयोग केले. त्यांत लोकांना मोठं अक्षर आधी कळत होतं आणि बारीक अक्षर ओळखताना मोठं आडवं येत होतं. म्हणजे एरवी आपल्याला अख्खं आधी दिसतं. कोडं म्हणून कागद डोळ्यांपाशी घेतला की मात्र नजर तपशिलात शिरते आणि तिथेच राहते. उपाय साधा आहे. कागद हातभर लांब धरा, डोळे किलकिले करा आणि प्रत्येक चौकटीसाठी दोन शब्द लिहा: मोठं काय, लहान काय. बारा चौकटींचे चोवीस शब्द समोर आले की उत्तर बहुतेक वेळा आपोआप दिसतं.

भावंडांतलं साम्य आणि आई-लेकीतलं साम्य

ही चूक सगळ्यांत जास्त होते, म्हणून इथे जरा थांबते.

शहाबादी फरशी बघा. प्रत्येक फरशी शेजारच्या फरशीसारखी असते. बुद्धिबळाच्या पटावर एक काळं घर दुसऱ्या काळ्या घरासारखं असतं. ही पुनरावृत्ती झाली, तुकडा तुकड्यासारखा. आपल्याला हवा आहे अख्ख्यासारखा तुकडा. मुलं चित्रात एकसारखे तुकडे दिसले की लगेच "सारखं सारखं आहे" म्हणून थांबतात. कुणासारखं, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

पुण्याहून नाशिकला जाताना वाटेत सिन्नर लागतं. तिथलं गोंदेश्वराचं देऊळ या फरकासाठी मी मुलांना आवर्जून दाखवते, निदान फोटोत तरी. मधे मोठं देऊळ आणि चार बाजूंना चार लहान देवळं, असं ते पंचायतन आहे. लहान देऊळ मोठ्या देवळाची आठवण करून देतं, पण दोन्ही त्या आवारातली देवळंच. एक भाग दुसऱ्या भागासारखा आहे, एवढंच. आता नजर मुख्य शिखराकडे न्या. हे भूमिज शैलीचं शिखर आहे. उभ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत इवल्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत जातात. इथे शिखराच्या अंगावर शिखरंच आहेत. हा झाला अख्ख्यासारखा तुकडा. एकाच देवळात दोन्ही नाती बघायला मिळतात, आणि एकदा हा फरक डोळ्यांत बसला की कोड्यात फसायला होत नाही.

याचंच अवघड रूप हिमफुलाच्या आकृतीत सापडतं. हेल्गे फॉन कॉक या स्वीडिश गणितज्ञाने १९०४ साली एक वक्ररेषा मांडली. रेघेचे तीन समान भाग करायचे, मधला काढून तिथे त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखा उंचवटा बसवायचा, मग मिळालेल्या चारही रेघांवर तेच करायचं. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर हे केलं की हिमफूल तयार होतं. बाजू ३, मग १२, मग ४८, मग १९२ होत जातात. हे चित्र दाखवलं की मुलं म्हणतात, "फुलाच्या कडेवर लहान लहान फुलंच आहेत." दिसतं तसं खरं, पण बोटाने दाखवा म्हटलं की अडचण येते. फुलाची कड बंद आहे. तिचा कुठलाही तुकडा तोडला तर त्याला दोन टोकं येतात, मग तो अख्ख्या कडेसारखा कसा असेल? तो तुकडा आहे तीन बाजूंपैकी एका बाजूसारखा. म्हणून उत्तर लिहिताना "तुकडा अख्ख्यासारखा आहे" एवढ्यावर सोडू नका. कोणता तुकडा आणि कोणतं अख्खं, दोन्हींवर पेन्सिलीने गोल करा.

एकात एक म्हणजे झालंच, असं धरून चालणं

चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन. मुलं लगेच हे डावीकडे, म्हणजे अख्ख्यासारख्या तुकड्यांत टाकतात. पण पट्टी घेऊन मोजा. एका कागदावर १६, ८, ४ आणि २ सेंटिमीटर बाजूचे चौकोन एकात एक काढा. दुसऱ्यावर १६, १२, ८ आणि ४ सेंटिमीटरचे. आता दोन्हींतला बाहेरचा चौकोन झाका आणि उरलेलं चित्र मनातल्या मनात इतकं मोठं करा, की त्याचा बाहेरचा चौकोन पुन्हा १६ चा होईल. पहिल्या कागदावर १६, ८, ४ मिळतात. पहिलंच चित्र, फक्त एक चौकोन कमी. दुसऱ्यावर १६, मग साधारण १०.७, मग ५.३. हे मूळच्या चित्राशी जुळत नाही. एकात अंतरं पटीने कमी होतात, दुसऱ्यात चौकोन ठरावीक मापाने आत सरकतात. पहिल्या नजरेला दोन्ही चित्रं एकाच घरची वाटतात, आणि कोडं रचणारा नेमकं हेच जाणून एक डावीकडे ठेवतो, एक उजवीकडे.

वळलेला तुकडा नाकारणं

तीन घरांचा इंग्रजी एल काढा: दोन बाय दोनच्या चौकोनातून एक घर कमी. असे चार एल जोडून दुप्पट मापाचा एल होतो. पुठ्ठ्याचे चार तुकडे कापून दिले की मुलं तीन लावतात आणि चौथ्याशी थांबतात, कारण सगळे एल मोठ्या एलच्याच दिशेने ठेवायचा हट्ट असतो. चारांपैकी दोनच तसे बसतात, एक कोपऱ्यात आणि एक मध्यभागी. उरलेले दोन एक-एक काटकोन वळवावे लागतात. वळवलेली, आरशातल्यासारखी उलटलेली नक्कल चालते की नाही हे आधीच ठरवू नका. ते कोड्यातल्या बारा चौकटींनाच विचारा.

आकारच शोधत बसणं

कधी कधी साम्य आकारात नसतं. डावीकडे तीन-तीन ठिपक्यांचे तीन पुंजके, चार-चारांचे चार, पाच-पाचांचे पाच. उजवीकडे चार-चारांचे तीन, तीन-तीनांचे पाच. इथे पुंजका गोल आहे का वाकडा, याने काही फरक पडत नाही. सारखेपणा संख्येत आहे. तसाच तो दिशेत असू शकतो, तिरप्या रेघांची तिरपी रांग. आकारावर पाच मिनिटं गेली आणि हाती काही लागलं नाही, तर आकार सोडून मोजायला लागा.

मोजण्यावरून आठवलं, नकला मोजतानाही घोळ होतो. सियरपिन्स्की या पोलिश गणितज्ञाच्या चौकोनी गालिच्यात चौकोनाचे नऊ समान भाग करून मधला काढून टाकतात आणि उरलेल्या प्रत्येक भागावर पुन्हा पुन्हा तेच करतात. मुलं सवयीने "नऊ नकला" म्हणतात. नकला आठच, प्रत्येक तीन पट लहान. त्याच्याच त्रिकोणात त्रिकोणाचे चार समान त्रिकोण करून मधला काढतात आणि उरलेल्यांवर तेच करत जातात; तिथे नकला तीन, प्रत्येक दोन पट लहान. कॉकच्या रेषेत चार, तीन पट लहान. "किती आणि किती पट लहान" ही जोडी प्रत्येक चौकटीखाली लिहून ठेवा. दोन चित्रं दिसायला कितीही जवळची असली तरी या जोडीवरून वेगळी पडतात.

मेरुप्रस्तार बिघडला तर

सियरपिन्स्कीचा त्रिकोण हाताने मिळवायचा एक सुंदर मार्ग आपल्याकडच्या छंदशास्त्रातून येतो. पिंगलाच्या सूत्रांवर हलायुधाने दहाव्या शतकात टीका लिहिली, तिच्यात मेरुप्रस्तार समजावलेला आहे: कडेला एक, आणि आतलं प्रत्येक घर म्हणजे वरच्या दोन घरांची बेरीज. विषम संख्यांची घरं रंगवली की तोच त्रिकोण उमटतो.

मुलं हे चौकटीच्या वहीत उत्साहाने करतात आणि दहाव्या-बाराव्या ओळीला नक्षी फिसकटते. कारण ठरलेलं असतं. वर कुठेतरी एक बेरीज चुकलेली असते आणि ती चूक खाली पसरत जाते. म्हणून बेरजा करूच नका. वरची दोन घरं वेगळी, म्हणजे एक रंगवलेलं आणि एक कोरं, असली तर खालचं रंगवा. दोन्ही सारखी असली तर कोरं ठेवा. मधे तपासायचं झालं तर रंगवलेली घरं मोजा. पहिल्या दोन ओळींत मिळून ३, चारांत ९, आठांत २७, सोळांत ८१. आठव्या ओळीअखेर २७ आले नाहीत तर पुढे जाऊ नका, मागे वळून चूक शोधा.

तंतोतंतपणाचा चुकीचा आग्रह

"शेवटच्या त्रिकोणात त्रिकोण कुठे आहेत? मग हे सारखं नाही." हा आक्षेप हुशार मूलच घेतं, आणि त्याला गप्प बसवू नये. कागदावर तीन-चार पायऱ्यांनंतर पेन थांबतं, त्यामुळे तुकड्यात अख्ख्यापेक्षा एक पायरी नेहमी कमी असणार. काढलेल्या आकृतीत एवढी सूट द्यायची, मापात मात्र द्यायची नाही.

निसर्गातल्या चित्रांना वेगळा नियम लागतो. मंडईतून फ्लॉवरचा गड्डा आणा. त्याचा एक तुरा मोडा, त्या तुऱ्याचा आणखी लहान तुरा मोडा. तिन्ही वेगवेगळ्या पांढऱ्या कागदांवर ठेवून एकाच अंतरावरून नव्हे, तर प्रत्येकाने फ्रेम भरेल इतक्या जवळून फोटो काढा. शेजारी पट्टी नसेल तर कोणता फोटो गड्ड्याचा आणि कोणता तुऱ्याचा, हे सांगताना घरातली मोठी माणसंही अडखळतात. एकही तुरा दुसऱ्याची हुबेहूब नक्कल नसतो, तरी जात तीच. पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर दिसणारं नेचाचं पान असंच असतं. बेन्वा मँडेलब्रॉटने १९७५ साली अशा आकारांना फ्रॅक्टल हे नाव दिलं, तेव्हा त्याच्या मनात ढग, किनारे, डोंगर यांचा असा ओबडधोबड सारखेपणाही होता. कोड्यात फोटो असेल तर जात बघा, पट्टीने काढलेली आकृती असेल तर माप बघा.

उजवी बाजू न तपासणं

डावीकडच्या सहा चित्रांना लागू पडणारं वाक्य सापडलं की मुलं पेन खाली ठेवतात. "डावीकडे सगळीकडे लहान आकृत्या आहेत" हे वाक्य डावीकडे खरं असतं, पण उजवीकडेही खरं असतं. बारा चौकटींवर वाक्य चालवून बघायला एक मिनिट लागतं.

स्वतः कोडं रचताना हीच काळजी उलट बाजूने घ्यावी लागते. मी एकदा कागदांच्या मापांवर कोडं केलं होतं. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटर असतो. तो मधोमध दुमडला की १४८ बाय २१० चा ए-फाइव्ह मिळतो, लांबी-रुंदीचं प्रमाण तेच. लीगल कागद २१६ बाय ३५६ असतो. तो दुमडला की २१६ बाय १७८ होतो, जवळजवळ चौकोनीच. अप्पा बळवंत चौकातून दोन्ही कागद आणले, दुमडले, डावीकडे ए मालिकेचे, उजवीकडे लीगलसारखे बेढब होणारे असे चिकटवले. पहिल्याच मुलाने झटकन उत्तर दिलं: "डावीकडचे कागद जास्त पांढरे आहेत." तेही बाराच्या बारा चौकटींत खरं होतं. त्याचं उत्तर बरोबर धरलं आणि पुढच्या रविवारसाठी सगळे बारा आयत एकाच गठ्ठ्यातल्या कागदातून कापले.